दारू सुटल्याचा तिसरा दिवस : विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

महाराष्ट्र विधानसभा आणि विधानपरिषद यांच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सादर नमस्कार.

मी शासकीय आरोग्यसेवेतून परिसेविका म्हणून निवृत्त झाले आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीतली बहुतेक वर्षे यवतमाळ आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतील तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयांत गेली आणि त्यातलाही मोठा काळ पुरुष वॉर्डात गेला. दारूच्या धोरणाविषयी आपल्या सभागृहांत वारंवार चर्चा होते. कधी परवान्यांवर, कधी महसुलावर, कधी एखाद्या जिल्ह्यातल्या बंदीवर. ती चर्चा मी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आले आहे. ज्या माणसाच्या उशाशी मी रात्री काढल्या, तो त्या चर्चेत मला कधी भेटला नाही. दुकान चालू ठेवा म्हणणाऱ्यांच्या हिशेबात तो गिऱ्हाईक असतो आणि दुकान बंद करा म्हणणाऱ्यांच्या हिशेबात तो चोरून पिणारा असतो. त्याच्या शरीराचे काय होते आणि ते सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, एवढ्याच एका प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहे.

१९९७ सालच्या कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट आहे. चाळिशीतला एक शेतमजूर पायाला कुऱ्हाड लागली म्हणून आमच्याकडे दाखल झाला. जखम खोल होती, पण साफ होती. डॉक्टरांनी टाके घातले, सलाईन आणि इंजेक्शने सुरू केली आणि चार दिवसांनी घरी सोडू असे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चहा दिला तेव्हा कप तोंडापर्यंत नेईस्तोवर निम्मा चहा अंगावर सांडला. मला वाटले, अशक्तपणा असेल. त्या रात्री त्याला आकडी आली आणि गेली. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या झटकू लागला. चादर कोरी होती. कॉटखाली बैल सुटलेत म्हणून तो उठून पळू लागला, सलाईनची सुई उपसली आणि घामाने निथळत अनोळखी माणसांशी बोलत राहिला. त्याच्या बायकोने मला बाजूला घेऊन विचारले, ‘‘सिस्टर, बाहेरचं काही लागलं असेल का? गावाकडून अंगारा आणवू का?’’ मी तिला रागावले. पण खरे कारण मलाही ठाऊक नव्हते. शेवटी मी आणि वॉर्डबॉयने बँडेजच्या पट्ट्यांनी त्याचे हातपाय कॉटला बांधले. पहाटे त्याचा ताप फार चढला, नाडी हाताला लागेना, म्हणून जीप करून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तो वाटेतच गेला. केसपेपरवर जखमेतून जंतुदोष झाल्याची नोंद झाली.

तो कशाने गेला हे मला पुढे बारा वर्षांनी कळले. आमच्या भागात आलेल्या एका मनोविकारतज्ज्ञांनी परिचारिकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले आणि फळ्यावर तीन दिवसांचा तक्ता काढला. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाचा मेंदू त्या गुंगीशी जुळवून घेतो. गुंगी असतानाही काम चालावे म्हणून तो स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की तो वाढलेला वेग एकदम मोकाट सुटतो. पहिल्या काही तासांत हात कापतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना भ्रम होतो, किडे-मुंग्या दिसतात, रक्तदाब आणि ताप चढतो आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. तक्ता पाहताना मी खाली मान घालून बसले होते. चहा सांडणे, आकडी, मुंग्या, बैल हे सगळे त्यात त्याच क्रमाने लिहिलेले होते. मी ज्याला बांधले त्याला बांधण्याची गरज नव्हती. त्याला लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड मोजून द्यायला हवे होते, ते पाच-सात दिवसांत हळूहळू कमी करायला हवे होते आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन द्यायला हवे होते. दारूमुळे अंगातले थायमिन संपत आलेल्या माणसाला नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आम्ही मात्र अशक्त दिसणाऱ्या प्रत्येक पिणाऱ्याला ग्लुकोजची बाटली लावत होतो आणि त्यालाच उपचार समजत होतो.

ही औषधे महाग नाहीत, नवीन नाहीत आणि परदेशातून मागवावी लागत नाहीत. त्यासाठी अतिदक्षता विभागही सहसा लागत नाही. बहुतेक रुग्ण साध्या वॉर्डात, साध्या कॉटवर, पाठ असलेल्या पद्धतीने सांभाळता येतात. गंभीर होऊ शकणारा रुग्ण आधी ओळखून वर पाठवता येतो. यासाठी लागते ते एक वाक्य. दाखल होताना रुग्णाला विचारायचे, ‘‘रोज घेता का, आणि शेवटची कधी घेतली?’’ आमच्या केसपेपरवर व्यसनाची नोंद ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी होत असे. शेवटची कधी घेतली, हे कोणी लिहीत नसे. खरे तर त्या एका वेळेवरून पुढचे बहात्तर तास कसे जाणार आहेत याचा अंदाज बांधता येतो. प्रशिक्षणानंतर मी हा प्रश्न स्वतःच विचारू लागले. आवाज खाली ठेवून, नातेवाइकांना थोडे दूर थांबवून आणि चेहऱ्यावर नाराजी न दाखवता विचारले की माणसे खरे सांगतात, हा माझा अनुभव आहे. ‘बेवडा’ हा शब्द मी माझ्या वॉर्डात बंद केला. मनाच्या चांगुलपणासाठी नव्हे. तो शब्द कानावर पडलेला माणूस खोटे सांगतो, आणि खोट्या उत्तरावर औषधाचा डोस ठरवता येत नाही.

सन्माननीय सदस्यहो, एका रुग्णालयातल्या एका परिचारिकेने स्वतःच्या अंदाजाने हे करणे आणि राज्याने ते धोरण म्हणून ठरवणे, यात किती अंतर आहे ते मी चंद्रपुरात पाहिले.

चंद्रपूर जिल्ह्याच्या दारूबंदीसाठी बायकांनी जे केले ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. डिसेंबर २०१० मध्ये त्या चिमूरहून पायी निघून हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपूरला पोचल्या होत्या. जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. मी तेव्हा त्या जिल्ह्यात नोकरीला होते आणि मनाने त्या बायकांच्या बाजूची होते, आजही आहे. फुटलेल्या कपाळाला टाके घालताना ज्यांचे हात मी धरले, त्यांच्याविरुद्ध मी कशी असेन? पण निर्णय आणि अंमलबजावणी यांच्यात जे दोन महिन्यांहून अधिक दिवस मिळाले, त्या दिवसांत आमच्या रुग्णालयात त्याविषयी एकही सूचना आली नाही, एकही प्रशिक्षण झाले नाही की औषधांची एक जादा पेटीही आली नाही. एप्रिलचा पहिला आठवडा मी विसरणार नाही. ज्यांच्या गावात चोरटा माल अजून पोचला नव्हता आणि शेजारच्या जिल्ह्यात जाऊन पिण्याइतका पैसा ज्यांच्याकडे नव्हता, असे सर्वांत गरीब लोक एकामागून एक येत राहिले. कोणाला आकडी आलेली, कोणी बडबडणारा, कोणी ‘घरातल्यांनी बाजेला बांधून ठेवला होता’ अशा अवस्थेतला. त्या वेळी मला काय करायचे ते ठाऊक होते. शेजारच्या तालुक्यातल्या सिस्टरला ठाऊक नव्हते. ती मला फोन करून विचारत होती आणि मी फोनवरून डोस सांगत होते, जे परिचारिकेने करू नये हे मला पूर्ण माहीत आहे.

मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती बंदी उठवली. त्याआधी समिती नेमली गेली, बाजू मांडल्या गेल्या, महसूल किती बुडाला, अवैध दारू किती वाढली, गुन्हे किती दाखल झाले याची आकडेमोड झाली. दुसऱ्या बाजूने घरातली मारहाण, कुटुंबांचा वाचलेला पैसा आणि बायकांचे समाधान यांची साक्ष आली. दोन्ही बाजूंत मला आदर वाटणारी माणसे होती. पण बंदीच्या सहा वर्षांत दारूवर अवलंबून असलेल्या किती माणसांना उपचार मिळाले, हा प्रश्न त्या वादाच्या मध्यभागी कधी आला नाही. बंदी यशस्वी की अयशस्वी हे ठरवताना, ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्यातल्या सर्वांत आजारी माणसाला मोजायचे राहून गेले. दुकाने पुन्हा उघडली तेव्हाही त्याच्यासाठी काही उघडले नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हेच संपूर्ण देशाने अनुभवले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली आणि रोज पिणाऱ्या लक्षावधी माणसांची दारू, कोणत्याही तयारीशिवाय, एकाच वेळी सुटली. ४ मे रोजी दुकाने उघडल्यावर लागलेल्या रांगांची चित्रे दूरचित्रवाणीवर दाखवून लोक हसले. मी त्या रांगांमधले हात पाहत होते. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीतच दारू मिळाली नाही म्हणून यवतमाळ जिल्ह्यात वणी येथे सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. त्यातले बरेचसे मोलमजुरी करणारे होते. ज्या पदार्थाची बाटली हात निर्जंतुक करायला ठेवलेली असते तो पदार्थ माणूस का पितो, हे समजायला चंचलपणा, मूर्खपणा असले शब्द उपयोगाचे नाहीत. सकाळी हात थांबत नाहीत आणि थांबवणारी एकच गोष्ट त्याला माहीत असते. त्याच शहरात, सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर, ‘दारू सुटल्याने त्रास होत असेल तर इथे गोळ्या मिळतील, कोणी काही विचारणार नाही’ असा एक कागद चिकटवलेला असता, तर त्यांच्यातले काही जण आज असते असे मला वाटते.

म्हणून माझी पहिली मागणी फार लहान आहे. राज्यातील प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या केसपेपरवर ‘शेवटचे मद्यपान केव्हा’ हा रकाना असावा, दारू सुटल्याच्या त्रासाच्या उपचारांची एक पानाची लेखी पद्धत प्रत्येक वॉर्डात लावलेली असावी आणि वर सांगितलेली औषधे कधीही संपू नयेत अशा यादीत असावीत. हे आदेशाने होऊ शकते, त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. सर्पदंशाची लस संपली तर आपण सभागृहात प्रश्न विचारता आणि ते योग्यच आहे. थायमिन संपले म्हणून कोणी प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही.

दुसरी गोष्ट पैशाची आहे. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मिती मूल्याच्या तिप्पट होते ते साडेचार पट झाले, देशी दारूवरील शुल्क प्रति प्रूफ लिटर (मद्यार्काच्या ठरावीक तीव्रतेचा लिटर) १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले आणि धान्यापासून केलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ अशा नव्या प्रकारालाही मान्यता मिळाली. या सगळ्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची जादा भर पडेल असे तेव्हा सांगितले गेले. त्याच बैठकीत उत्पादन शुल्क विभागासाठी १,२२३ पदांना मंजुरी मिळाली. मी करवाढीच्या विरोधात नाही. दारू महाग झाली की एकूण पिणे कमी होते, विशेषतः नव्याने सुरू करणाऱ्या तरुणांचे, हे जगभर मान्य झालेले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सुचवलेल्या पाच उपायांत करवाढ आहे. पण त्याच पाचांत आणखी एक उपाय आहे. पिणाऱ्याला वेळीच ओळखणे, त्याच्याशी थोडक्यात बोलणे आणि त्याला उपचार सहज मिळतील असे करणे. आपण पाचांतला एक उचलला आणि हा बाजूला ठेवला, तर काय होते ते मी सांगते. कधीमधी पिणारा माणूस भाव वाढला की हात आखडता घेतो. अवलंबित माणसाला ते जमत नाही. तो क्वार्टरचे वाढलेले वीस-तीस रुपये घरातल्या तेलातून, मुलीच्या वहीतून, बायकोच्या मजुरीतून काढतो, आणि तेही जमेनासे झाले की हातभट्टीकडे वळतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे गेली. त्या शहरात परवाना असलेल्या दुकानांची कमतरता नव्हती. मेलेली माणसे त्या दुकानांत जाण्याच्या ऐपतीची नव्हती.

सरकारी खर्चाने झालेल्या आणि एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतील सुमारे ५.७ कोटी लोकांना तिच्यामुळे त्रास आहे किंवा ते तिच्यावर अवलंबून आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० जणांमागे एकाला. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. क्षयरोगाच्या ३८ रुग्णांत एकालाच औषध मिळते असा अहवाल आला असता तर दुसऱ्या दिवशी सभागृह चालले नसते.

म्हणून मागणी अशी आहे की मद्यावरील उत्पादन शुल्काचा एक ठरावीक हिस्सा कायद्याने उपचारांसाठी राखून ठेवावा. हिस्सा किती असावा हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. पण तो दर वर्षीच्या मर्जीवर नसावा आणि जाहिराती, फलक, प्रभातफेऱ्या यांत खर्ची पडू नये. २०११ सालच्या राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणापासून आपल्याकडे जनजागृतीवर भर राहिला आहे, आणि तिचे महत्त्व मी नाकारत नाही. तरीही ज्याच्या घरात सकाळी सहाला बाटली उघडते त्याला दारू वाईट असते हे सांगावे लागत नाही, तो ते आपल्यापेक्षा चांगले जाणतो. त्याला हवी असते एक खाट, आठवडाभराच्या गोळ्या आणि त्यानंतर महिनोन्महिने ज्याच्याकडे परत परत जाता येईल असा एक माणूस. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात एक समुपदेशक, कायम पदावर, मी कायम या शब्दावर जोर देते आहे. अकरा महिन्यांच्या करारावर आलेला मुलगा रुग्णांची नावे लक्षात ठेवेपर्यंत त्याचा करार संपतो, आणि ज्या कामाचा पायाच विश्वास आहे ते दर वर्षी नव्याने सुरू होते. शरीरातून दारू काढणे आठवड्याचे काम आहे, तिच्याशिवाय जगायला शिकणे वर्षांचे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे दुसरे काम किती चिकाटीने करता येते हे आपल्याला दाखवत आले आहे. पण वणीच्या किंवा चिमूरच्या मजुराने महिनाभर मजुरी सोडून पुण्याला जावे ही अपेक्षा कोणीच करू नये.

जवळचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून शासन, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून मुक्तिपथ हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम चालवला आहे. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की गावातली विक्री थांबवणारे संघटन आणि तालुक्यातला उपचार एकाच कार्यक्रमात ठेवले गेले. गावाने दारू बंद केली की त्या गावातल्या पिणाऱ्यांसाठी शिबिर भरते. बंदी आणि औषध यांची अशी सांगड चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला घातलेली असती, तर त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात मी जे पाहिले ते वेगळे असते.

‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानालाही हेच लागू आहे. २००८ च्या आदेशाने गावातल्या आणि वॉर्डातल्या बायकांना गुप्त मतदानाने दुकान बंद करण्याचा अधिकार दिला, तो त्यांनी मोठ्या धैर्याने वापरला. दुकान बंद व्हायचे तर यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदार बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. जी ऊसतोडीला गेली, जी लग्न होऊन गेली पण नाव कमी झाले नाही, जी वारली, ती सगळी नावे आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जातात. ही अट प्रत्यक्ष झालेल्या मतदानाच्या निम्म्यावर आणावी असे माझे मत आहे, परंतु या पत्राचा विषय त्याच्या पुढचा आहे. मतमोजणी झाली, बाटली आडवी झाली, गुलाल उधळला गेला. त्या गावात रोज पिणारे पंचवीस जण असतील तर त्यांची यादी आशाताईंकडे तोंडपाठ असते. दुकान बंद होण्याच्या तारखेआधी आठ दिवस तालुक्याच्या रुग्णालयातून एक डॉक्टर आणि एक परिचारिका गोळ्या घेऊन त्या गावात जावी, एवढे कलम त्या आदेशात घालता येईल. ज्या बायकांनी मतदान केले त्यांनाही ते हवे आहे. नवरा तुरुंगात जावा किंवा मरावा म्हणून त्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारलेला नसतो.

सरकारी उपचार नसले की ती जागा कोण भरते, हेही आपल्याला सांगायला हवे. एसटी स्थानकांच्या भिंतींवर ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. चहातून, भाजीतून द्यायची पुडी मिळते. अशा काही पुड्यांमध्ये डायसल्फिरामसारखे औषध असू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या पूर्ण संमतीने घेतले तर उपयोगी आहे, पण अंगात आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाने वरून दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. आमच्याकडे असा रुग्ण आला होता. तो वाचला. पुडी देणारी त्याची आई होती आणि ती रात्रभर वॉर्डाच्या दाराशी बसून होती. तिला मी दोष देऊ शकले नाही. दुसरीकडे व्यसनमुक्ती केंद्र या नावाखाली कुलूपबंद खोल्या चालतात, जिथे मारणे आणि उपाशी ठेवणे यालाच उपचार म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि मादक पदार्थांशी जोडलेले आजार मानसिक आजारांत धरले आहेत, अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई आहे. कायदा आहे. केंद्रांची अचानक तपासणी किती वेळा झाली, हा प्रश्न आपण जिल्हावार विचारलात तर मिळणाऱ्या उत्तरातून आपल्याला पुढचे समजेल. ज्या हातांनी मी १९९७ साली एका आजारी माणसाला बांधले, त्या हातांनी ही विनंती लिहिताना मला संकोच वाटत नाही. बांधणे म्हणजे उपचार नव्हे, हे मी ज्या किमतीला शिकले ती इतरांना पडू नये.

मादक पदार्थांबद्दल मी थोडेच लिहिते, कारण माझा अनुभव दारूचा आहे. निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षांत गांजा ओढणारी आणि एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) घेणारी मुले तालुक्याच्या गावांतही येऊ लागली होती. त्यांच्या आयांना एकच भीती असे, की दवाखान्यात आणले तर पोलीस येतील. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला तर त्याला खटल्यापासून सूट मिळते. हे कलम मला नोकरीच्या शेवटच्या वर्षी कळले. ते प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक रुग्णालयात मराठीत लावले जावे, आणि त्याखाली केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक असावा. कारखाने पकडले जातात, कोट्यवधींचा माल जप्त होतो, त्याच्या बातम्या येतात. त्या मालाची सवय लागलेली मुले दुसऱ्या दिवशी कुठे गेली, ही बातमी येत नाही.

संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाचा दाखला दारूबंदीच्या प्रत्येक चर्चेत दिला जातो. मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे त्यात आहे, हे खरे. पण तो अनुच्छेद सुरू होतो तो लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे इथून. बंदीविषयीचे शब्द त्यानंतर येतात. आपल्यापैकी कोणी बंदीच्या बाजूचे असाल, कोणी नियंत्रित विक्रीच्या. माझ्या मागण्यांसाठी आपल्याला आपली बाजू बदलावी लागत नाही. दुकान उघडे असले तरी हा रुग्ण वॉर्डात येतो आणि बंद असले तरी येतो.

माझी शेवटची विनंती अशी. येत्या अधिवेशनाआधी आपण प्रत्येकाने आपल्या मतदारसंघातील ग्रामीण किंवा शहरी सरकारी रुग्णालयात, शक्य असल्यास कोणालाही न कळवता आणि रात्री, एकदा जावे. पुरुष वॉर्डात ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारावे, की एखाद्या रुग्णाचे हात कापत असतील आणि त्याने परवा शेवटची घेतलेली असेल तर तुम्ही काय देता. ती जे उत्तर देईल ते लिहून घ्यावे. औषधांच्या कपाटात थायमिन आहे का ते तिच्याबरोबर पाहावे. रुग्णाला बांधायच्या पट्ट्या कुठे ठेवल्या आहेत तेही विचारावे आणि मग तो कागद घेऊन सभागृहात बोलावे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका
जिल्हा चंद्रपूर